बेटीचा रविवारचा कॉल

रविवारची मिस्सा सुटली की गोराईतल्या बायका चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळतात. कोणाचं लग्न ठरतंय, कोणाचा मुलगा गल्फहून आलाय, कोणी कोणाशी बोलणं टाकलंय, अशा आठवडाभराच्या बातम्या तिथेच फुटतात. बेटी तिथे कधी थांबायची नाही. ती पायांत चपला सरकवायची आणि तरातरा घराकडे निघायची, कारण रविवारी तिच्या मुलीचा फोन असायचा.

बेटी म्हणजे बाप्तिस्म्याची एलिझाबेथ. साठी उलटलेली, काटक, घरामागच्या वाडीत भाजी पिकवणारी बाई. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. मग तिला फोन कशाला, असं कोणी विचारलं की तिच्या धाकट्या बहिणीचं डोकं सटकतं. ही धाकटी बहीण फ्रेडा. तिने लग्न केलं नाही. अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढली, कानाला हेडफोन आणि ओठांवर 'होल्ड करा, सर'. रिटायर होऊन घरी आली तर इथेही गळ्यात फोनच पडला. "माझी बहीण हाताने बोलते. फोनमध्ये हात दिसतात. तुझं काय जातंय?" असं ती विचारणाऱ्याला सुनावते आणि पुढे चालू लागते.

हातांचं हे बोलणं कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बेटी लहान असताना तिला खाडीपलीकडच्या शाळेत रोज नेणार कोण, या प्रश्नापाशीच तिचं शिक्षण संपलं. मग दोघी बहिणींनी वाडीत खेळता खेळता एकेक खूण ठरवली. गाल फुगवला की पाव. मनगटावर दोन बोटं आपटली की उशीर. माणसांना नावं बेटीच द्यायची: ओढलेला कान म्हणजे फ्रेडा, नाकावरून घसरणारा चष्मा म्हणजे गावचे फादर. गावात कोणाला बेटीशी बोलायचं असलं तर फ्रेडाला मध्ये घालायचं, अशी पद्धतच पडली. मध्ये कोणाला न घालता शिकला तो एकटा रोझारिओ. तो फेरीबोटीवर कामाला होता. बेटी भाजीची टोपली घेऊन बोरिवलीला जायची, तो टोपली चढवून द्यायचा, आणि वर्ष संपायच्या आत त्याला पाव, उशीर आणि फादरचा चष्मा सगळं यायला लागलं. मग लग्नच केलं त्यांनी. रोझारिओ आता नाही. त्यांची एकुलती एक मुलगी सिंथिया. तिचे कान उत्तम, पण आईशी बोलायला तिला हातच लागतात. ती नर्स झाली, सांताक्रूझच्या क्लेटनशी लग्न करून न्यूझीलंडला गेली आणि बेटीच्या घरात हातांनी बोलणारी दोनच माणसं उरली.

तर हा रविवारचा कॉल. गोराईत परदेशातून फोन आला की पाहुणा आल्यासारखं करतात, आणि व्हिडिओ कॉल म्हणजे तर पाहुणा थेट ओटीवर. बेटी त्यासाठी नटायची. आईचं लाल चौकड्यांचं लुगडं नेसायची, कानांत सोन्याच्या कुड्या घालायची. खुर्ची मांडायची ती देवांच्या आल्ताराच्या अगदी समोर, म्हणजे मुलीला घरातला येशू आणि मारियाबाय दिसायला हवेत. आल्ताराला रंगीत दिव्यांची माळ, लुकलुकणारी. वर पंखा, कारण लुगड्यात उकडतं. एका बाजूला उघडं दार, त्यातून वाऱ्यावर डोलणारे माड आणि मधूनच एखादी कोंबडी. मुलीला वाटलं पाहिजे की आपण घरीच बसलोय.

मुलीला यातलं फारसं काही दिसत नव्हतं, ही गोष्ट बेटीला कित्येक महिने कळलीच नाही.

झालं होतं असं की गोराईत नेटवर्क तसंच बेताचं. त्यात रविवार उजाडला की मुंबईकर किनाऱ्यावर पिकनिकला उतरतात आणि जो तो समुद्रात पाय बुडवून घरच्यांना लाटा दाखवतो. नेट कमी पडलं की ही व्हिडिओची ॲपं आधी चित्राचा बळी देतात आणि आवाज वाचवतात. बाकी जगाला ते चालून जातं. चेहरा थिजला तरी "जेवलीस का?" ऐकू येतं. या मायलेकींना त्या आवाजाचा काडीचा उपयोग नव्हता. सिंथियाचा हात वर उचललेला तसाच राहायचा, मग चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, आणि चौकोन जुळेपर्यंत ती तिसऱ्याच वाक्यावर गेलेली असायची.

त्यातून या घरात रुसण्याची एक रीत होती. ओरडून भांडता येत नाही म्हटल्यावर ज्याला राग यायचा तो हात थांबवायचा आणि चेहरा दगड करून समोरच्याकडे बघत राहायचा. रोझारिओ त्यात वस्ताद होता. त्यामुळे पडद्यावर सिंथिया थिजली की बेटीला ती रुसलीच वाटायची. नेट म्हणजे काय हे फ्रेडाने तिला सांगितलेलं होतं, तिला ते डोक्याने कळलंही होतं. पण मुलीचा दगडासारखा चेहरा समोर आला की डोकं कामाला येत नाही. माझं काय चुकलं, असं ती विचारायची, तेही तिकडे पोचायचं नाही. हळूहळू कॉल आखडत गेले. जेवलीस? जेवले. बरी? बरी. मग सिंथिया तोंडाने फ्रेडाला म्हणायची, "मावशी, बाकीचं तूच सांग ना आयला." फ्रेडा सांगायची. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोपच तर पोचवले होते तिने.

सिंथियाला मुलगी झाली तेव्हा निरोप असाच फ्रेडाच्या कानातून आला. बेटीने वाडीतल्या सगळ्या शेजाऱ्यांना फुगे, म्हणजे मैद्याचे गोडसर गोळे, तळून वाटले. त्यानंतर काही आठवड्यांनी क्लेटनचा फोन आला, तो भलत्याच वेळी, फ्रेडा मासे साफ करत असताना.

"मावशी, आय जवळ आहे का?"

"असली तरी काय फरक पडतो? बोल."

क्लेटन म्हणाला, "बेबीची टेस्ट झाली. दोनदा केली, आता मोठ्या डॉक्टरांनी पण बघितलं. तिला ऐकू येत नाही, मावशी. दोन्ही कानांनी."

फ्रेडाने हातातली सुरी खाली ठेवली. "सिंथिया कशी आहे?"

"रडते. दिवसभर रडते. बेबीला घेते, दूध देते, सगळं करते, पण रडतच करते. इथे मशीन लावतात कानाला, सगळी सोय आहे, पण ती ऐकून घ्यायलाच तयार नाही. म्हणते आयला कळवू नको, तिला वाटेल आपल्यामुळे झालं."

फ्रेडाने फोन ठेवला आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वाडीत बेटी लाल माठ खुडत होती. हिला सांगू नको म्हणे. फ्रेडाला क्लेटनचा राग आला, सिंथियाचा आला, मग आपल्या त्या मेलेल्या आईचाही आला. तिने जमिनीवर दोनदा पाय आपटला, बेटीने वर पाहिलं आणि फ्रेडाने एका दमात सगळं सांगून टाकलं. (बेटीचं बोलणं इथून पुढे मी सरळ बोलण्यासारखंच लिहितो. ते हातांचं आहे एवढं ध्यानात असू द्या.)

बेटीने हातातली जुडी बांधून पुरी केली, मग विचारलं, "रडते का ती?"

"खूप."

"बाळाकडे बघून?"

"क्लेटन म्हणतो, दूध देताना पण."

बेटी उठली. चिखलाचे हात परकराला पुसले आणि म्हणाली, "फोन लाव."

तो कॉल फुकट गेला. बेटी काहीतरी मोठं, लांबलचक सांगायला लागली. इतकं लांब बोलताना फ्रेडाने तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तिकडून सिंथियाचा रडवेला आवाज आला, "मावशी, आयचे हात नुसते चौकोन दिसतायत गं. काय म्हणतेय ती? तू बोलून सांग."

फ्रेडाने तोंड उघडलं तोच बेटीने तिचं मनगट धरलं. "तू नको. हे माझ्या हातांनी सांगायचं."

"बाई, दिसत नाहीये तिला."

"मग दिसेल असं कर."

असा हुकूम सोडून ती पुन्हा माठाकडे गेली. फ्रेडाने आधी सोपा उपाय करून पाहिला: व्हिडिओ काढून पाठवून देऊ. फोन पुढे धरला तर बेटी फोटोला बसल्यासारखी ताठ झाली. दोन खुणा केल्या आणि हात मांडीवर ठेवले. समोर ऐकणाऱ्याचा चेहरा नसला तर ती बोलू शकत नव्हती. आपणही भिंतीशी मनातलं बोलत नाही, तेव्हा तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग फ्रेडाने जास्तीचा डेटा पॅक मारला. कॉल तसाच तुटला. तिने क्लेटनला फोन करून फैलावर घेतलं. "अरे, एवढा मोठा पॅक टाकला मी. जातो कुठे तो?"

"मावशी, पॅकचा प्रॉब्लेम नाही, बँडविड्थचा आहे."

"कसली विड्थ?"

क्लेटनने सांगितलं ते फ्रेडाने आपल्या परीने असं लावून घेतलं: पॅक म्हणजे गोराईच्या फेरीची तिकिटं. ती तुम्ही हवी तेवढी खिशात घेऊन या. पण एका खेपेला बोटीत माणसं किती आणि बाइकी किती मावणार, ते बोटीच्या रुंदीवर. हे चित्र म्हणजे बाइक आणि आवाज म्हणजे पायी चालणारा माणूस. बोट लहान असली की बाइक धक्क्यावरच राहते. "मग बाइकच लहान कर ना," फ्रेडा म्हणाली.

"तेच तर. ॲपच्या सेटिंगमध्ये डेटा कमी वापरायचं बटण असतं, ते चालू कर. पिक्चरची क्वालिटी एकदम खाली आण. बाकीची ॲपं बंद ठेव. फोटो आपोआप वर जातात ना, ते पण थांबव. मी पण इकडे तसंच करतो."

फ्रेडाने चष्मा लावून ते सगळं केलं. वर स्वतःच्या डोक्याने आणखी एक केलं: दोन्हीकडचे माइक बंद करायला लावले. आवाजाची इथे गरजच कोणाला होती? कॉलची वेळही तिने बदलली. रविवार सोडला, पिकनिकवाले नसतात असा मधला वार धरला, सकाळी, म्हणजे तिकडे दुपार. एवढं करून फरक पडला तो बारीकसा. चौकोन लहान झाले, पण हात अजूनही धुक्यातच. बेटीने सुरुवात केली, थांबली, परत सुरुवात केली, आणि शेवटी कॉल चालू असतानाच उठून आत गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि मागे लुकलुकणारी माळ. तिकडे सिंथियाने ओढणीत तोंड लपवलं.

फ्रेडाला त्या दिवशी खरोखर हरल्यासारखं झालं. रागाच्या भरात तिने कॉल बंद करायला हात पुढे केला आणि तेवढ्यात गावची लाइट गेली.

पंखा थांबला. माळ विझली. आणि रिकाम्या खुर्चीचं चित्र बघता बघता सिंथियाने डोळे मोठे केले. तिने हात वर केला आणि खुणेने विचारलं, "मावशी, खुर्चीचा वेत तुटलाय का?"

खुर्चीचा वेत खरंच तुटला होता, डाव्या कोपऱ्यात, चार बोटांएवढा. इतके महिने जिला आईचा पंजा दिसत नव्हता तिला तो वेत दिसला. फ्रेडाने वर पंख्याकडे पाहिलं, मग माळेकडे, मग दाराबाहेरच्या माडांकडे. पुढे होऊन तिने दार लोटलं. "आता?"

"आता एकदम झकास दिसतंय. काय केलंस तू?"

काय केलं ते फ्रेडाला क्लेटनने संध्याकाळी सांगितलं. चित्रात जे स्थिर असतं ते ॲप पुन्हा पुन्हा पाठवत नाही, एकदा पाठवून ठेवून देतं. हलेल तेवढंच नव्याने पाठवावं लागतं. पंखा हलतो, माळ लुकलुकते, माड डोलतात, कोंबडी फिरते, आणि लुगड्याच्या बारीक चौकड्या तर बाईने श्वास घेतला तरी हलतात. या सगळ्यांची भरती झाल्यावर बोटीत बेटीच्या हातांना जागा उरतच नव्हती. सगळ्यात जास्त जागा खात होतं ते लुगडं.

ही गोष्ट बेटीला सांगणं हे या कहाणीतलं सगळ्यात अवघड काम. लुगडं सोड म्हटल्याबरोबर तिने डोळे वटारले.

"मी काय मॅक्सीवर बसू मुलीसमोर?"

"साधा ब्लाउज घाल. एका रंगाचा."

"मुकी बाई मळक्या कपड्यांत दिसली की लोक काय करतात माहीत आहे तुला? हातावर नाणं ठेवतात. बोरिवलीला माझ्या टोपलीत भाजी असताना ठेवलंय." बेटीचे हात आता सपासप चालत होते. "म्हणून मी नीट नेसल्याशिवाय कोणासमोर जात नाही. मुलीसमोर तर नाहीच."

फ्रेडाला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून, बहिणीच्या वतीने सगळ्या गावाशी बोलून, हे तिला माहीत नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती जशी करते तशी ती एकदम कामाला लागली. शेजारच्या पद्मजाचा फोन मागून आणला. बेटीला आपला फोन देऊन, त्यात काय दिसतं ते बघायला धक्क्याजवळ पाठवलं. मग आईचं लुगडं स्वतः नेसली, माळ लावली, पंखा सोडला, दार उघडलं आणि व्हिडिओ कॉल लावून आल्तारासमोर हात करायला लागली. थोड्या वेळाने तिने लुगडं फेडलं, काळ्या ब्लाउजवर आली, सगळं बंद केलं आणि त्याच खुणा परत केल्या.

बेटी धक्क्यावरून परत आली ती कोणाला काही न विचारता. तिने माळेचा प्लग ओढला. कपाटातून फिकट निळी चादर काढली आणि दोन खिळ्यांना अडकवून आल्तार झाकून टाकला.

"अगं, देव झाकलास," फ्रेडा म्हणाली.

"त्यांना चादरीतून दिसतं. तिला दिसत नाही."

मग तिने फ्रेडाचाच दुसरा काळा ब्लाउज चढवला, कुड्या मात्र काढल्या नाहीत. दार लावलं, त्याच्याआधी कोंबडीला लाथेनेच बाहेर काढलं. खुर्ची पुढे घेतली, म्हणजे हात छातीशी धरले तरी चौकटीत राहतील. घामाने कपाळ निथळत होतं. पंख्याकडे तिने एकदा हावरटपणे पाहिलं, पण बटणाला हात लावला नाही.

कॉल लागला. सिंथिया पांढऱ्या भिंतीसमोर बसली होती, केस कसेतरी बांधलेले, डोळे सुजलेले. क्लेटनने तिलाही खिडकीचा हलणारा पडदा काढायला लावला होता. ती फोनच्या अगदी जवळ सरकली.

"आय, तुझी बोटं दिसतायत."

"मग बघ," बेटी म्हणाली. "मध्ये बोलू नको."

आणि तिने सांगायला घेतलं. सावकाश, एकेक खूण पुरी करून.

"मी लहान होते. आय मला दरवर्षी बांद्र्याला माउंट मेरीला न्यायची. मेणाचे कान विकत घ्यायची, माझ्या कानांना लावायची आणि मारियाबायला वाहायची. प्रत्येक वेळी रडायची. घरी येऊन माझं तोंड धुताना रडायची. केस विंचरताना रडायची. मला जेव्हा जेव्हा आयचा चेहरा दिसला, रडताना दिसला. फ्रेडाकडे बघून ती हसायची. मी दाराआडून बघायचे. मला वाटायचं माझ्या तोंडावर काहीतरी आहे, ते बघून माणसं रडतात. मी चुलीतली राख घेऊन तोंड घासायचे. फ्रेडाला विचार."

फ्रेडा फोनच्या बाजूला बसली होती. राख तिला आठवत होती. घरात सगळ्यांनी हसून सोडून दिली होती ती गोष्ट.

"ऐकू येत नाही याचं मला कधी दुःख झालं नाही," बेटी पुढे म्हणाली. "ऐकू येणं म्हणजे काय तेच मला माहीत नाही. माहीत नसलेल्या गोष्टीसाठी कोण रडतं? मला दुःख झालं ते आयच्या तोंडाचं. मोठी झाल्यावर समजलं की ती माझ्यावर माया करायची. पण लहानपणी कोणी समजावायला नव्हतं. तू तुझ्या मुलीसमोर रडू नको. तुला रडायचं असेल तर मोरीत जा, क्लेटनच्या खांद्यावर रड, मला फोन लाव. ती ऐकणार नाही. पण बघेल. ती दिवसभर फक्त बघणार आहे."

चित्र एकदाही थिजलं नाही. सिंथिया रडत होती, बाळ आतल्या खोलीत होतं, म्हणून बेटीने तिला रडू दिलं. मग सिंथियाचे हात वर आले.

"मला भीती वाटत होती की तुला वाटेल हे तुझ्यामुळे झालं."

"माझ्यामुळेच झालं असेल," बेटी म्हणाली. "माझी नात आहे ती. बरं झालं. इतकी वर्षं या घरात मी एकटीच होते."

सिंथियाला हसू फुटलं, नाकाडोळ्यांत पाणी असताना फुटतं तसं, आणि फ्रेडा मात्र उठून स्वयंपाकघरात गेली. तिला पाणी प्यायचं होतं असं तिने नंतर सांगितलं.

त्यानंतर कॉल मधल्या वारालाच होऊ लागला, निळ्या चादरीसमोर. रविवारी बेटी आता लुगडं नेसून चर्चच्या पायऱ्यांवर निवांत उभी असते, बातम्या फ्रेडाच्या हातांतून घेते आणि त्यावर आपली मतंही देते. क्लेटनने सांगितलं की बाळाला कानाची यंत्रं लावायचं ठरलं. शिवाय तिथली हातांची भाषा शिकवणारी एक बाई आठवड्यातून एकदा घरी येणार होती. यंत्रं लावा, बेटी म्हणाली, काय लावायचं ते लावा, पण हात थांबवू नका.

मग एका सकाळी सिंथिया मुलीला मांडीवर घेऊन बसली. मुलगी आता मान धरत होती. तिचे काळेभोर डोळे पडद्यावरच्या आजीच्या बोटांमागे इकडून तिकडे फिरत होते, आणि बोटं थांबली की ती पाय झाडून कुरकुरायची. सिंथियाने मुलीच्या अंगावरून एक हात मोकळा करून विचारलं, "आय, ती बाई म्हणाली की आत्तापासून रोज एक खूण दाखवत जा. पहिली कुठली शिकवू? आई? दूध?"

"आई नको. आई समोरच असते. दूध ती रडून पण मागेल." बेटी म्हणाली. "मला आई, पाव, पाणी, सगळं लवकर आलं. पण विचारायचं असतं हे मला फार उशिरा समजलं. माणसं समोर बोलायची, हसायची, भांडायची, उठून जायची. मला वाटायचं ते असंच असतं, झाडं हलतात तसं. त्यामागे काही कारण असतं, आणि ते आपल्याला कोणी सांगू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. तिला आधी विचारायला शिकव."

आणि तिने निळ्या चादरीसमोर आपला कामाने राठ झालेला उजवा पंजा वर धरला, बोटं पसरली आणि मनगट हलकेच फिरवलं, बाजारात, बोटीवर, गल्लीत कोणीही फिरवतं तसं: काय? तिकडे, तिच्या मुलीने बाळाचा इवलासा हात आपल्या मुठीत घेतला आणि तसाच फिरवला.